तेलाच्या डब्यावर तारीख लिहा

लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ५४ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात पाच माणसं: त्या, त्यांचे मालक, आत्याबाई म्हणजे सासूबाई, धाकटा मुलगा आणि सून. मालक ५९ वर्षांचे, शेती करतात. आषाढात शेतातच छातीत कळ आली, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसला. घरी सोडताना दवाखान्यातून एक कागद मिळाला. त्यावर एवढंच होतं: तेल, तूप, मीठ कमी, फळं, भाज्या जास्त. तेव्हापासून घरात रोज नवा सल्ला येतो. पुण्याचा थोरला मुलगा ओट्स, किनोआ आणि ऑलिव्ह तेल पाठवतो. नणंद म्हणते, तेलाचा थेंबही नको. गावातले एक मास्तर म्हणतात, भाकरी बंद करा आणि तूप खा. आत्याबाई म्हणतात, दुखण्यातून उठलेला माणूस आहे, साजूक तुपातला शिरा द्या. ताई दोन्ही वेळेला दोन स्वयंपाक करतात, मालकांचा फिका आणि बाकीच्यांचा नेहमीचा. मालक अर्ध्यातून ताट सरकवतात आणि बाजाराच्या दिवशी हॉटेलात भजे खाऊन येतात. बिडी सुटली, तंबाखूची चिमूट राहिली आहे. "असलं खाऊन जगण्यापेक्षा गेलेलं बरं, असं बोलतात तेव्हा माझा जीव थाऱ्यावर राहत नाही," असं ताईंनी लिहिलंय. त्यांचा प्रश्न: यातला नेमका कोणता आहार धरू? आणि शेवटच्या ओळीत: तेलाचा १५ किलोचा डबा आम्हाला दोन महिने जातो, हे जास्त होतं का?

ताई,

तेलाच्या डब्याचं तुम्ही जाता जाता विचारलंत, पण मला तुमच्या पत्रातला तोच प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटला. म्हणून आधी त्याचाच हिशोब मांडते. १५ किलो म्हणजे १५,००० ग्रॅम. साठ दिवस, पाच माणसं. माणशी रोजचं ५० ग्रॅम तेल झालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात २००० कॅलरीच्या दिवसभराच्या आहारात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. तेवढंच वापरलं तर तुमचा डबा साडेतीन महिन्यांच्या वर जायला हवा. हृदयाचा त्रास झालेल्यांना बरेच डॉक्टर याहूनही कमी सांगतात, महिन्याला माणशी साधारण अर्धा लिटर.

हा आकडा मालकांच्या एकट्याचा नाही, पाचही जणांचा आहे, हे लक्षात घ्या. तुम्ही मालकांचं वेगळं शिजवता, म्हणजे बाकीचे चौघं ५० ग्रॅमच्याही वर जात असणार. वडिलांना हा आजार झाला की मुलांनाही धोका थोडा वाढतोच. तुमचा धाकटा मुलगा आज त्याच तर्रीवर जेवतोय.

म्हणून तुमच्या प्रश्नातलं एक गृहीत मी हळूच बाजूला ठेवते. "यांच्यासाठी कोणता आहार धरू" असं तुम्ही विचारलंत. मी म्हणेन, घरासाठी धरा. माझ्या वडिलांना हृदयाचा त्रास झाला तेव्हा माझ्या आईनंही वेगळं भांडं मांडलं होतं. आम्ही भावंडं लाल रस्सा खायचो आणि ते शेजारी बसून उकडलेला दुधी. काही महिन्यांनी ते आमच्यासोबत जेवायला बसेनासे झाले. आम्हाला वाटलं, भूक मेली. खूप वर्षांनी आईला ते म्हणाले की तेव्हा शिक्षा भोगल्यासारखं वाटायचं. मी आहाराचं शिक्षण घेतलं त्यामागे ते वाक्य आहे. तुमचे मालक ताट सरकवतात आणि बाजारात भजे खातात, त्याला मी हट्ट म्हणणार नाही. सगळ्यांच्या ताटातून त्यांना बाहेर काढल्यासारखं झालंय.

आता सल्ले एकेक करून बघू.

थोरल्या मुलानं जे पाठवलं त्यामागे प्रेम आहे आणि थोडं शास्त्रही आहे. जगात दोन आहारांचा हृदयासाठी पुष्कळ अभ्यास झाला. एक भूमध्य समुद्राकाठचा. स्पेनमध्ये सात हजारांवर माणसांवर मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०१३ मध्ये आले आणि पद्धतीतल्या त्रुटी सुधारून २०१८ मध्ये पुन्हा छापले गेले. त्यातल्या एका गटाला भरपूर ऑलिव्ह तेल दिलं, दुसऱ्याला रोज मूठभर अक्रोड, बदाम आणि हेझलनट. दोन्ही गटांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि त्यानं होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले. तुलना होती कमी चरबी खायला सांगितलेल्या गटाशी. म्हणजे नणंदबाईंचं "थेंबही नको" हे इथंच मागं पडतं. चरबी कोणती आणि किती, यावर सगळं आहे. दुसरा आहार रक्तदाबासाठी, त्याला डॅश म्हणतात. त्याची अमेरिकेतली पहिली चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. भाज्या, फळं, डाळी, कमी सायीचं दूध-दही वाढवलं, तर काही आठवड्यांतच रक्तदाब उतरतो, हे तिनं दाखवलं.

या दोन्ही आहारांतून परदेशी नावं काढून टाका आणि काय उरतं ते बघा. सालीसकट धान्य, रोज डाळ-कडधान्य, भरपूर भाजी, फळ, मूठभर दाणे, बिनसायीचं ताक-दही, बियांचं तेल, थोडं मीठ, मांस क्वचित. हे वाचून तुम्हाला स्पेन आठवलं का? मला तर माझ्या आजीची चूल आठवली. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, करडईची कोवळी भाजी, जवसाची चटणी, ताक.

ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम तंतू, म्हणजे फायबर, असतात, पांढऱ्या तांदळात तीनच्याही आत. भाकरीत तेल नसतं आणि आपल्याकडे बहुतेक घरांत पिठात मीठही टाकत नाहीत. बेकरीच्या पावात दोन्ही असतात. ओट्स वाईट नाहीत. त्यातला विरघळणारा तंतू कोलेस्टेरॉल थोडं उतरवतो. आलेत तर संपवा, साधे असतील तर ताकात शिजवून कण्यांसारखे खा. मसाल्याची पाकिटं असतील तर परत पाठवू नका, पण पुन्हा मागवूही नका, त्यात मीठ फार असतं. घरी मालदांडी ज्वारी असताना किनोआसारख्या परदेशी दाण्याला पैसे घालायची मला तरी गरज दिसत नाही.

ऑलिव्ह तेलाचंही तसंच. चांगलं तेल आहे, पण आपल्या फोडणीला आणि आपल्या खिशाला परवडणारं नाही. करडईच्या तेलात घट्ट, म्हणजे संतृप्त चरबी १० टक्क्यांच्या आत असते, ऑलिव्हमध्ये साधारण १४. करडईचा उणेपणा एवढाच की त्यात ओमेगा ३ ही हृदयाला उपयोगी चरबी जवळपास नसते. तो भाग जवस भरून काढतो. रोज एक चमचा भाजलेलं जवस कुटून चटणीत घाला. अख्खं जवस नीट पचत नाही, कुटलेलंच हवं. घाण्यावर करडई मिळत असेल तर आणा, नाहीतर शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल चालेल. अदलाबदल करत वापरा. पाम तेलात निम्मी चरबी घट्ट असते, ते टाळा, आणि डालडा घरात ठेवूच नका. आणि करडईचं आहे म्हणून पळीनं ओतायचं नाही. डबा कुठलाही असो, साडेतीन महिन्यांचा हिशोब तोच.

इथं मालकांसाठी एक काम आहे. सोयाबीननं आपल्या भागातली करडई हटवली, हे ते मला काय सांगतील, त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. पण पूर्वी ज्वारीच्या कडेनं करडईचे तास, म्हणजे ओळी, असायच्या, काट्यांमुळे जनावरं आत शिरत नसत. रब्बीची पेरणी तोंडावर आहे. कडेला घरापुरती करडई आणि थोडं जवस पेरायला सांगा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची करडईची वाणं आहेत. ज्या माणसाला तीन महिने फक्त 'हे खाऊ नका' ऐकावं लागलंय, त्याला घराचं तेल पिकवायचं काम द्या.

मात्र आपलं जुनं ताट जसंच्या तसं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. आपल्या ताटात भाकरी जास्त आणि बाकी सगळं तोंडी लावण्यापुरतं. तीन भाकरी, पळीभर पातळ वरण, ठेचा, झालं जेवण. पोषण संस्थेच्या त्याच ताटात दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळ १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली आणि दाणे-बिया ३५ ग्रॅम आहेत. एकदा पीठ तागडीत तोला. १०० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर दिवसाला अडीच भाकरी झाल्या. शेतात अंगमेहनत असेल त्या दिवशी तीन. बाकीची भूक घट्ट वरणानं, मोडाच्या मटकीनं आणि भाजीनं भागवायची. भाजी भाकरीला लावून खायची सवय आपल्याला आहे. आता वाटीभर भाजी नुसती खायची सवय लावा. पहिले आठ दिवस ते सगळ्यांना जड जाईल.

तुम्ही म्हणाल, ४०० ग्रॅम भाजी आणायची कुठून? आश्विन ते माघ आपल्याला अडचण नाही. मेथी, शेपू, पाथरी, हरभऱ्याचा कोवळा पाला, अंबाडी, तांदुळजा, सगळं बांधावर. खरा प्रश्न चैत्र-वैशाखाचा. टँकरवर गाव असतं तेव्हा 'हिरव्या भाज्या भरपूर खा' हा कागदावरचा सल्ला कुचकामी ठरतो. म्हणून मिळतं तेव्हाच हरभऱ्याचा पाला, मेथी, गवार वाळवून ठेवा. उन्हाळ्यात शेवग्याचा पाला आणि शेंगा, कांदा, काकडी, दुधी, दोडका आणि मोडाची कडधान्यं यांवर भागवा. फळ म्हणजे सफरचंदच असा समज काढून टाका. पेरू, बोरं, सीताफळ, पपई ही सगळी फळंच आहेत. मालकांना साखर असेल तर सीताफळ जपून.

मास्तरांचा सल्ला मात्र मी ठामपणे नाकारते. धान्य बंद करून तुपावर राहिलं की काहींचं वजन उतरतं, पण काहींचं वाईट कोलेस्टेरॉल झपाट्यानं चढतं. स्टेंट बसलेल्या माणसावर हा प्रयोग करायचा नाही. आणि याच मंडळींकडून लसूण-आलं-लिंबाचा 'ब्लॉकेज उघडणारा' काढा येतो. तो घेऊन गोळ्या बंद केल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. लसूण आमटीत घाला, चांगलीच आहे. पण स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता एक दिवसही थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. कोलेस्टेरॉलची गोळीही पथ्याला पर्याय नाही आणि पथ्य तिला पर्याय नाही. आपल्या अंगातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतच तयार करतं.

मिठाचाही हिशोब तेलासारखाच करा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे सपाट छोटा चमचा. पाच जणांना दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे एक किलोची पिशवी ४० दिवस. पण त्यात लोणचं, पापड, फरसाण, बाहेरचे भजे हे सगळं धरायचं, म्हणून पिशवी त्याहून जास्त दिवस जायला हवी. पानात वरून मीठ वाढणं आजपासून बंद. सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही, तेही मीठच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरतं, डॉक्टरांना विचारूनच आणा.

तेल-मीठ कमी केल्यावर चव कुठून आणायची, हे मात्र आत्याबाईंना विचारा. मी मुद्दाम सांगतेय. त्यांच्या तुपाच्या शिऱ्यावर रागावू नका. ज्यांनी ७२ चा दुष्काळ पाहिला, सुकडीवर आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीवर दिवस काढले, त्यांच्यासाठी तूप म्हणजे लेकाचा जीव वाचला याचा आनंद आहे. एक छोटा चमचा तूप गरम भातावर किंवा वरणावर घालू द्या. त्यात साधारण ३ ग्रॅम घट्ट चरबी जाते, तेवढी हिशोबात बसते, शिरा बसत नाही. आणि त्यांना येसर करायला बसवा. भाजलेल्या धान्याच्या येसरीनं आमटीला जो दाटपणा आणि खमंगपणा येतो, त्याला वर तेलाचा तवंग लागत नाही. चिंच, अंबाडी, भाजलेलं जिरं, कच्चा लसूण, ताक यांनी मीठ कमी आहे हे जिभेला कळतही नाही. फोडणीला पळीऐवजी चमचा वापरा आणि चमचाही मोजून. घरातलं सगळ्यांचं मीठ-तेल दर पंधरवड्याला थोडं थोडं उतरवा, एका दिवसात नको.

भज्यांची तल्लफ आली तर तव्यावरचे धपाटे करा, मेथी घालून, चमचाभर तेलावर. बाजारातल्या कढईतलं तेल सकाळपासून उकळत असतं, खरी भीती त्याची आहे. मटण महिन्यातून एक-दोनदा, चार फोडी, वरची तर्री काढून. रोहू-कटला मिळत असेल तर आठवड्यातून एकदा मासा चांगला. उपवासाला साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची पातळ आमटी, बरोबर ताक. गोळ्या मात्र उपवासालाही चुकवायच्या नाहीत.

तंबाखूबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहिलंत, पण तेल-मिठाचं सगळं नीट करून चिमूट तशीच राहिली तर फायदा अर्ध्यावर येईल. निकोटिननं ठोके आणि रक्तदाब वाढतो, मग ते बिडीतलं असो की चुन्याबरोबरच्या तंबाखूतलं. सोडायला मदत लागते, त्यात कमीपणा नाही. १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत मदतवाहिनी आहे. त्यांना स्वतःला फोन लावू द्या.

आणि "गेलेलं बरं" हे त्यांचं बोलणं रागाचं म्हणून सोडून देऊ नका. हृदयाच्या झटक्यानंतर मन खचणं फार जणांना होतं आणि त्यावर उपचार आहेत. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा ते वाक्य जसंच्या तसं डॉक्टरांच्या कानावर घाला. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखलं, घाम फुटला, तर ताकाचा ग्लास देत बसू नका, थेट १०८.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. झडप बदलल्यानंतर वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर पालेभाजी अचानक वाढवू किंवा बंद करू नका, रोज सारख्या प्रमाणात खा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळी-फळांचं माप वेगळं असतं, वरचे आकडे तुमच्यासाठी नाहीत.

ताई, येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात जाल तेव्हा तुमच्या लक्षात येईल. कोवळी तूर, हरभरा, वाटाणा, मेथी, सगळ्या भाज्या एकत्र घातलेली भज्जी, ज्वारीची ताकातली आंबील, बाजरीचे उंडे. आख्खं गाव एकाच भांड्यातलं जेवतं आणि कोणाला ते पथ्य वाटत नाही. त्या दिवशी मालकांसाठी वेगळा डबा नेऊ नका. भज्जीला मीठ आणि तेल बेतानं घाला, एवढंच.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात नाही. तुम्ही स्वतः काय खाता, किती वाजता खाता, हे चार पानांत कुठंच नाही. दोन स्वयंपाक करून, सगळ्यांचं झाल्यावर, मालकांनी टाकलेलं फिकं आणि उरलेला रस्सा तुम्ही उभ्यानं संपवत असाल, असं मला वाटतं. पाळी गेल्यावर बाईच्या हृदयाचा धोकाही वाढत जातो आणि तिची लक्षणं बऱ्याचदा दम लागणं, थकवा, पाठ भरून येणं अशी असतात, म्हणून ती कामात बुडून जातात. या आठवड्यात तीन कामं करा. नवा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर कोळशानं तारीख लिहा. संध्याकाळी एकच स्वयंपाक करून सगळ्यांसोबत पान मांडून बसा. आणि मालकांना घेऊन आरोग्य केंद्रात जाल तेव्हा बीपीचा पट्टा तुमच्याही दंडाला बांधायला सांगा. पुढच्या पत्रात डब्याची तारीख आणि तुमचं बीपी, दोन्ही कळवा.